जुन्या मोटारगाडीतील विजेचे बिघाड

जुनी मोटारगाडी विकत घेणारा मनुष्य गाडीबरोबर तिचा इतिहासही विकत घेत असतो. आधीच्या मालकांनी आणि त्यांच्या मिस्त्र्यांनी वेळोवेळी केलेल्या साऱ्या दुरुस्त्या त्याच्या वाट्याला येतात, आणि हा इतिहास कोठेही लिहून ठेवलेला नसतो. इंजिनाची झीज कानाला कळते, टायरची झीज डोळ्यांना दिसते. विजेच्या तारा मात्र पत्र्यामागे, पायांखालच्या गालिच्याखाली आणि फलकाच्या पोटात दडलेल्या असतात. कोणी तरी दहा वर्षांपूर्वी कर्णा बदलताना एक तार तोडून पिळली आणि वर चिकटपट्टी गुंडाळली, तर त्या पिळाची खबर नव्या मालकाला एखाद्या पावसाळी रात्रीच लागते.

उत्तरपाडा येथे १९५८ पासून २०१४ पर्यंत तयार होणारी अँबॅसडर आणि मुंबईतील कुर्ला येथे बनणारी प्रीमियर पद्मिनी या दोन गाड्यांनी आपल्या देशातील दोन पिढ्यांना मोटार म्हणजे काय ते शिकवले. त्यांचे कारखाने बंद झाले असले तरी गाड्या पुष्कळ उरल्या आहेत, आणि त्या हाताळणाऱ्यांची तक्रार बहुधा विजेविषयीच असते. या प्रकरणातील विवेचन मुख्यतः अशाच गाड्यांना, म्हणजे ज्यांच्यात संगणकाचा शिरकाव झालेला नाही अशा बारा व्होल्टच्या गाड्यांना, लागू आहे.

माझ्या परिचयाच्या कोलकात्यातील एका निवृत्त गृहस्थांनी काही वर्षांपूर्वी अशीच एक जुनी अँबॅसडर घेतली. हौस हे कारण नव्हते. त्यांच्या पत्नीला मूत्रपिंडाच्या विकारासाठी आठवड्यातून दोनदा भल्या पहाटे रुग्णालयात न्यावे लागे, आणि त्या वेळी वाहन मिळण्याची शाश्वती नसे. पहिला महिना गाडी चालली. त्यानंतर इंजिनाची दुरुस्ती झाली आणि काही दिवसांतच पहाटे किल्ली फिरवली की एक मंद घरघर होऊन सारे थांबू लागले. गॅरेजवाल्याने नवी बॅटरी घालावयास सांगितले, ती घातली. दोन दिवस बरे गेले. मग मल्लिकबाजारातून एक जुना डायनामो आणून बसवला. शेवटी स्टार्टरही बदलण्यात आला. गाडीच्या निम्म्या किमतीइतका पैसा खर्च झाला, तीन वेळा रुग्णालयाची वेळ चुकली आणि घरघर तशीच राहिली. या गाडीची कथा पुढे येईल. परंतु ती समजण्यासाठी आधी थोडा सिद्धान्त पाहिला पाहिजे.

वीज वाहते ती बंद वळशातूनच. बॅटरीच्या एका अग्रापासून निघालेला प्रवाह दिव्यातून अथवा मोटरीतून जाऊन दुसऱ्या अग्राशी परत आला पाहिजे. घरात जाण्याची व येण्याची अशा दोन तारा असतात. मोटारीत परतीची तार वाचवलेली असते; गाडीचा लोखंडी सांगाडा हीच परतीची वाट. यालाच मिस्त्री ‘अर्थ’ म्हणतात, यद्यपि त्याचा जमिनीशी काही संबंध नाही. आजच्या गाड्यांत बॅटरीचे ऋण अग्र सांगाड्याला जोडलेले असते. परंतु १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत, आणि ज्या मॉरिस ऑक्सफर्डपासून अँबॅसडरचा जन्म झाला तिच्यातही, धन अग्र सांगाड्याला जोडण्याची रीत होती. म्हणून फार जुन्या गाडीला हात लावण्यापूर्वी बॅटरीची जाड काळी पट्टी कोणत्या अग्रापासून निघते ते पाहून घ्यावे. रंगावर विश्वास ठेवू नये.

परतीची ही वाट फुकटात मिळालेली असल्यामुळे तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. सांगाडा गंजतो, त्याला रंग फासला जातो, बोल्ट सैल होतात, आणि वाट खडबडीत होते. जुन्या गाडीतील विजेच्या तक्रारींपैकी निम्म्या तरी येथे उगम पावतात, असे माझे मत आहे.

आता थोडे गणित. दाब बरोबर प्रवाह गुणिले रोध, हा ओहमचा नियम वाचकाला शाळेपासून ठाऊक असेल. मोटारीतील पाच वॅटच्या लहान दिव्यातून सुमारे ०.४ अँपिअर प्रवाह जातो. स्टार्टरला मात्र सुरुवातीला शंभर ते दोनशे अँपिअर लागतात. समजा, एखाद्या गंजलेल्या जोडावर ०.०३ ओहम इतका क्षुल्लक रोध आहे. दिव्याच्या मार्गात त्याने खाल्लेला दाब व्होल्टच्या शंभराव्या भागाएवढा होईल. दिवा लखलखीत पेटेल. तोच जोड स्टार्टरच्या मार्गात असेल आणि स्टार्टर १५० अँपिअर मागत असेल, तर ४.५ व्होल्ट तेथेच गडप होऊ पाहतील. प्रत्यक्षात प्रवाहही घटतो, आणि मोटरीच्या वाट्याला जेमतेम अर्धा दाब येतो. ‘दिवे तर छान लागतात, मग गाडी का सुरू होत नाही?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. दिवा लागतो याचा अर्थ वाट आहे. ती किती रुंद आहे हे दिवा सांगत नाही.

हत्यारे

फार सामग्री लागत नाही. बारा व्होल्टचा एक लहान दिवा, त्याला दोन तारा, एका तारेच्या टोकाला चिमटा आणि दुसऱ्याला सुई. हा परीक्षादिवा घरीही करता येतो. दुसरे, एक साधा मल्टिमीटर. तिसरे, बॅटरीतील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व मोजणारा हायड्रोमीटर. याखेरीज पॉलिश कागद, तारेचा ब्रश आणि एक वही. वहीचा उल्लेख वाचून कोणी हसेल, परंतु कोणती तार कोठून काढली हे स्मरणात ठेवण्याचा प्रयत्न करणाऱ्यांच्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

तारांचे रंगही कामाला येतात. ब्रिटिश पद्धतीच्या गाड्यांत बॅटरीकडून सरळ येणारी तार तपकिरी, किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी पांढरी, तिच्यातूनच फ्यूजमधून पुढे जाणारी हिरवी, मोठ्या दिव्यांची निळी, मागील व बाजूच्या लहान दिव्यांची लाल आणि अर्थची काळी असा संकेत आहे. मात्र कालांतराने ज्याच्या हाती जी तार आली ती त्याने जोडली, असेही आढळते. संकेत हा आरंभबिंदू समजावा, पुरावा नव्हे.

काम सुरू करण्यापूर्वी घड्याळ, अंगठी आणि धातूचे कडे काढून ठेवावे. बॅटरी सोडवताना सांगाड्याला जोडलेले अग्र प्रथम काढावे आणि जोडताना ते सर्वांत शेवटी जोडावे. याचे कारण सोपे आहे. दुसरे अग्र आधी सोडवताना पाना चुकून पत्र्याला टेकला तर बॅटरीचा सारा प्रवाह पान्यातून जाईल. अर्थ आधीच काढलेला असेल तर पाना कोठेही टेकला तरी वळसा पुरा होत नाही. भारित होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू सुटतो व ठिणगीने त्याचा स्फोट होऊ शकतो, हेही ध्यानात असावे. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची मदत घेताना शेवटचा चिमटा मृत बॅटरीच्या अग्रावर न लावता तिच्यापासून दूर, इंजिनाच्या उघड्या लोखंडावर लावावा, तो याचसाठी.

बॅटरी दोषी की निर्दोष?

बॅटरीत सहा घट असतात आणि प्रत्येक घट सुमारे २.१ व्होल्ट देतो. गाडी काही तास उभी असताना पूर्ण भारित बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो, १२.२ म्हणजे जवळजवळ अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे रिकामी होत आलेली. हायड्रोमीटरवर भरलेला घट १.२६ ते १.२८ दाखवतो. सहाही घट सारखेच खाली असतील तर बॅटरी केवळ उपाशी आहे, तिला भारित करावे. पाच घट चांगले आणि एकच खूप खाली असेल, तर त्या घटाचे आयुष्य संपले व त्याबरोबर बॅटरीचेही. नव्या बंदिस्त बॅटऱ्यांत आम्ल मोजता येत नाही. तेथे दाब व भाराची चाचणी यांवरच भागवावे लागते.

भाराची चाचणी अशी. कॉइलकडे जाणारी पांढरी तार काढून ठेवावी, म्हणजे इंजिन पेट घेणार नाही. मग बॅटरीच्या अग्रांवर, तारेच्या टोपीवर नव्हे तर खुद्द शिशाच्या खुंटावर, मल्टिमीटरच्या सुया धरून दुसऱ्या माणसास किल्ली फिरवावयास सांगावे. दाब साडेनऊ व्होल्टच्या बराच खाली कोसळला तर बॅटरी दुर्बल आहे, किंवा स्टार्टर आत कोठे अडकून अतोनात प्रवाह ओढत आहे. दाब अकराच्या वर राहिला आणि तरीही स्टार्टर मंद फिरला, तर बॅटरीला दोष देणे अन्यायाचे आहे. तिच्याकडे देण्यासारखे आहे. पण घेणाऱ्यापर्यंत ते पोचत नाही.

आता त्या अँबॅसडरकडे वळू. चाचणीत बॅटरीचा दाब ११.२ व्होल्ट राहिला. म्हणजे पहिली खरेदी तरी अनावश्यक होती. मग मीटरची एक सुई बॅटरीच्या धन खुंटावर आणि दुसरी स्टार्टरच्या जाड बोल्टवर ठेवून किल्ली फिरवली, मीटरने ०.३ व्होल्ट दाखवले. जाण्याच्या वाटेत एवढा तोटा चालतो. त्यानंतर एक सुई ऋण खुंटावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर ठेवली. येथे मीटर ४.६ व्होल्टवर गेला. बॅटरीने दिलेल्या ११.२ व्होल्टपैकी जवळजवळ पावणेपाच परतीच्या वाटेवरच सांडत होते, आणि स्टार्टरला उरत होते जेमतेम सव्वासहा.

इंजिन रबराच्या गाद्यांवर बसवलेले असते. रबर वीज वाहून नेत नाही. म्हणून इंजिन व सांगाडा यांना जोडणारी तांब्याची एक विणलेली पट्टी असते. इंजिन उतरवून दुरुस्त करताना ती सोडली गेली आणि पुन्हा बसवलीच गेली नाही. मग इतके दिवस स्टार्टर थोडा तरी कसा फिरत होता? चोकच्या व ॲक्सिलरेटरच्या लोखंडी तारेतून! इंजिनाला धातूने सांगाड्याशी जोडणारे तेवढेच दुवे उरले होते. त्या गृहस्थांच्या पत्नीने दोन आठवड्यांपूर्वीच म्हटले होते, की गाडी सुरू होत नसली की चोकची मूठ हाताला गरम लागते व काही तरी जळाल्याचा वास येतो. ती गोष्ट कोणी मनावर घेतली नव्हती. पेट्रोलच्या कार्बोरेटरला जोडलेली तार तापून लाल होऊ शकते, याचा अर्थ वाचकाला सांगावयास नको. वीतभर लांबीची पट्टी बसवली, तिच्या दोन्ही टोकांखालचा रंग खरवडला, आणि स्टार्टर सहज फिरू लागला. जुना स्टार्टर गॅरेजवाल्याने तोवर विकून टाकला होता.

येथे वापरलेली रीत, म्हणजे भार चालू असताना वाटेच्या दोन टोकांमधील दाब मोजणे, ही सर्वत्र चालते. मोठे दिवे पिवळट दिसतात? दिवे लावून बॅटरीचा खुंट ते दिव्याचे टोक आणि दिव्याचे अर्थचे टोक ते ऋण खुंट, असे दोन तोटे मोजावे. जिकडे अर्ध्या व्होल्टहून बरेच अधिक सांडते, त्या बाजूला एकेक जोड मागे सरत जावे. जेथे आकडा एकदम कमी होतो, त्याच्या अलीकडच्या जोडात दोष असतो. तार तोडून व पुन्हा जोडून पाहण्यापेक्षा ही रीत शतपटीने बरी, कारण तीत काहीच विस्कटत नाही.

भरणारा आणि चोरणारा

बॅटरी वारंवार रिकामी होत असेल तर दोनच शक्यता उरतात: तिला पुरेसे मिळत नाही, किंवा तिच्यातून कोणी तरी घेत आहे.

पहिल्या शक्यतेत आधी पट्टा पाहावा. अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण बारा मिलिमीटर लवावा. त्याहून फार ढिला असेल तर तो घसरतो. जुन्या गाड्यांत डायनामो असतो, पुढच्या काळातील गाड्यांत अल्टर्नेटर. डायनामो इंजिनाच्या मंद गतीत बॅटरी भरूच शकत नाही, म्हणून शहरातील कोंडीत तांबडा दिवा मिणमिणला तर घाबरण्याचे कारण नाही. अल्टर्नेटर मंद गतीतही काम करतो. वेग वाढवल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर भरणा ठीक आहे. तेथे १२.५ च्याच आसपास आकडा राहिला तर भरणा होत नाही. पंधराच्या वर गेला तर नियामक बिघडला आहे, बॅटरीतील पाणी झपाट्याने आटेल. एक गंमत अशी, की बहुतेक अल्टर्नेटरांना आरंभीचे चुंबकत्व त्या तांबड्या दिव्यातून येणाऱ्या प्रवाहानेच मिळते. दिवा जळालेला असेल तर अल्टर्नेटर निकामी वाटू शकतो, आणि पुष्कळदा तो याच कारणाने नाहक बदलला जातो. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, तांबडा दिवा लागलाच पाहिजे. आणखी एक सूचना: अल्टर्नेटर असलेल्या गाडीचे इंजिन चालू असताना बॅटरी काढून पाहण्याची जी ‘चाचणी’ काही मिस्त्री करतात, ती करू देऊ नये. दाब क्षणार्धात उसळतो आणि आतील डायोड जळतात.

चोरी शोधण्यासाठी सारे दिवे बंद करून व दारे लावून ऋण खुंटावरील तार काढावी, आणि खुंट व ती तार यांच्यामध्ये पाच वॅटचा परीक्षादिवा जोडावा. संगणकरहित गाडीत तो मुळीच पेटता कामा नये. घड्याळ असेल तर तेवढा प्रवाह दिवा पेटवण्यास अपुरा असतो. दिवा मिणमिणला तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजबरोबर तो विझतो, त्या शाखेत चोर आहे. सामानाच्या पेटीतील दिवा झाकण लावल्यावरही जळत राहणे हा नेहमीचा गुन्हेगार. एवढासा पाच वॅटचा दिवा चोवीस तासांत दहा अँपिअर-तास खातो. थकलेली बॅटरी तिसऱ्या सकाळी हात टेकते. सारे फ्यूज काढूनही दिवा पेटत असेल, तर अल्टर्नेटरची जाड तार सोडवून पाहावी (बॅटरी आधी वेगळी करून), कारण फुटलेला डायोड प्रवाह उलट वाहू देतो. डायनामोच्या गाडीत कट-आउटचे संपर्क चिकटले तर हेच घडते, आणि तेही अधिक जोराने.

भुताटकीचे दिवे

डावीकडचा इशारा दिला की मागचा दिवा लुकलुकतो. ब्रेक दाबला की इशाऱ्याचे दिवे अंधुक पेटतात. अशा तक्रारींना मिस्त्री कंटाळतात आणि मालक भितात. कारण बहुधा एकच असते: मागील दिव्याचा अर्थ तुटलेला आहे. एका घरात दोन-तीन दिवे असतात व त्यांची परतीची वाट एकच असते. ती बंद झाली की इशाऱ्याचा प्रवाह शेजारच्या दिव्याच्या तंतूतून उलट दिशेने शिरतो आणि त्याच्या तारेवाटे दुसऱ्या बाजूच्या दिव्यात जाऊन तेथील अर्थ गाठतो. एक तात्पुरती तार दिव्याच्या घरापासून स्वच्छ लोखंडाला टेकवून पाहावी. भूत पळाले तर निदान पक्के. आपल्या पावसाळ्यात, विशेषतः समुद्रकाठच्या शहरांत, ही व्याधी दरवर्षी उद्भवते.

पावसाळ्याचाच आणखी एक छळ म्हणजे ज्वलनाच्या मंडलातील ओल. कॉइलपासून प्लगपर्यंत हजारो व्होल्टचा दाब वाहतो आणि तो पाण्याच्या पातळ थरावरूनही निसटतो. डिस्ट्रिब्यूटरची टोपी आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसावी. आत केसासारखी काळी रेघ दिसली तर ती भेग आहे, टोपी बदलावी. पॉइंटमधील फट बहुतेक अशा गाड्यांत ०.४ मिलिमीटरच्या जवळपास असते. पॉइंट पुनःपुन्हा जळत असतील तर दोष कंडेन्सरचा. उन्हाळ्यात मात्र वेगळेच संकट येते: अर्धा तास चाललेली गाडी बंद पडते आणि निवाल्यावर पुन्हा चालते. याला सर्रास ‘पेट्रोलची वाफ’ म्हणून सोडून देतात. गाडी बंद पडलेली असतानाच ठिणगी तपासावी. ठिणगी जोरकस असेल तर पेट्रोलकडे पाहावे. ती नसेल अथवा क्षीण असेल तर तापलेल्या कॉइलवर संशय घ्यावा. गाडी निवाल्यावर केलेली तपासणी व्यर्थ असते.

फ्यूज आणि आग

फ्यूज उपकरणाचे रक्षण करतो असा समज आहे. तो प्रामुख्याने तारेचे रक्षण करतो. तार वाहून नेऊ शकते त्याहून अधिक प्रवाह गेला तर तिने जळण्यापूर्वी फ्यूजने जळावे, एवढेच त्याचे काम. म्हणून फ्यूज वारंवार जळतो तेव्हा त्याच्या जागी जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद घालणारा मनुष्य दोष दूर करीत नाही. जळण्याचे स्थान फक्त फलकामागे, दिसणार नाही अशा जागी हलवतो. जुन्या ब्रिटिश आराखड्याच्या काही गाड्यांत उभे दोनच फ्यूज असतात, आणि मोठे दिवे व ज्वलन यांच्या वाटेत तर एकही नसतो. अशा गाडीत ४५ वॅटच्या जागी शंभर वॅटचे दोन दिवे बसवले, की साडेसात अँपिअरसाठी योजलेल्या तारेतून सुमारे सतरा अँपिअर धावू लागतात. आधी बटण मऊ पडते, मग तारेचे आवरण. जास्त उजेड हवाच असेल तर बॅटरीपासून जाड तार, तिच्यात स्वतंत्र फ्यूज आणि एक रिले बसवावा. म्हणजे जुन्या बटणाला रिले चालवण्यापुरताच प्रवाह वाहावा लागतो.

गाडी घेताच, ती उत्तम चालत असली तरी, बॉनेट उघडून इंजिन व बैठक यांमधील पत्र्याला पडलेली भोके पाहावीत. तारांचा जुडगा त्यांतून आत जातो. प्रत्येक भोकात रबराची कडी असते व ती वीस-तीस वर्षांत कडक होऊन तुटून पडते. मग पत्र्याची धार गाडीच्या प्रत्येक धक्क्याबरोबर तारेचे आवरण थोडे थोडे कापत राहते, आणि त्या जुडग्यात फ्यूज नसलेली ती तपकिरी तारही असते. नवी कडी पाच मिनिटांत बसते. त्यानंतर बॅटरीखालच्या पत्र्याला हात लावून पाहावा. तेथे पांढरी बुकटी लागली तर ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, पत्रा कोरडा करावा आणि खुंटांना व्हॅसलिन लावून टोप्या घट्ट कराव्यात.